पेरायचं की थांबायचं?

हवामान बदलावर शेतकऱ्यांचं प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच साचा दिसतो. मंगल कार्यालय, मागे फलक, दीपप्रज्वलन, सत्कार, मग दीड तास स्लाइड. त्यात तापमानवाढीचे आलेख असतात, शब्द मोठे असतात. दुपारी जेवण होतं, हजेरीपत्रकावर सह्या होतात, हातात घडीपत्रिका पडते. माहिती खोटी नसते. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चाळीस मिलिमीटर पाऊस पडून गेलेला असतो, शेजारच्या रानात तिफण चालू झालेली असते, बियाण्याच्या पिशव्या ओसरीवर असतात आणि आभाळ कोरडं झालेलं असतं. तेव्हा त्या आलेखातून काही हाती लागत नाही. शेतकऱ्याचा प्रश्न दोन शब्दांचा असतो: पेरू की थांबू? त्याचं उत्तर स्वतःच्या रानात, स्वतःच्या मोजमापावरून काढता येईल एवढी तयारी ज्या प्रशिक्षणातून होते, त्यालाच हवामान अनुकूल शेतीचं प्रशिक्षण म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.

मराठवाडा आणि विदर्भातला सोयाबीन-तूर-कापसाचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. इथे २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने हवामान अनुकूल शेतीसाठीचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे सगळे ज्याला 'पोकरा' म्हणतात तो, सुमारे पाच हजार गावांत राबवला गेला. शेततळी, ठिबक, शेडनेट यांच्या अनुदानाची चर्चा गावोगाव झाली. त्याच प्रकल्पात शेतीशाळाही होत्या आणि त्यांची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. मला त्याच सर्वांत मोलाच्या वाटतात.

शेतीशाळेची कल्पना इंडोनेशियातली. भातावर तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला होता. जितकी फवारणी जास्त, तितके तुडतुडे जास्त, कारण त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकऱ्याला कीड ओळखता येत नाही. म्हणून १९८९ मध्ये एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मदतीने पहिल्या शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, पेरणीपासून काढणीपर्यंत एकच शेत. शिकवणाऱ्याला 'हा किडा कोणता?' असं विचारलं तर त्याने नाव सांगायचं नाही. 'कुठे सापडला? पानावर की खोडात? काय खात होता?' असं उलट विचारायचं. ही पद्धत वेळखाऊ आहे आणि म्हणूनच टिकाऊ आहे. नाव विसरतं, पाहायची सवय जात नाही.

आपल्याकडे शेतीशाळेसाठी यजमान शेतकऱ्याचं एक एकर घेतात. अर्ध्यात शिफारशीप्रमाणे, अर्ध्यात त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. पहिली चूक इथेच होते. रस्त्याकडेची काळी, भारी जमीन प्रात्यक्षिकाला आणि वरच्या अंगाची मुरमाड पट्टी तुलनेला, अशी वाटणी झाली की हंगामअखेर दिसणारा फरक जमिनीचा असतो, पद्धतीचा नसतो. गावातल्या माणसांना हे पहिल्या दिवशीच कळतं. ती तोंडावर बोलत नाहीत एवढंच. दोन्ही तुकडे एकाच पोताचे आणि एकाच उताराचे नसतील तर ती जागा सोडून द्यावी.

वर्गाची सुरुवात पावसापासून करावी. 'दणकून पडला', 'ओढा वाहिला' ही मापं गप्पांना ठीक आहेत, पेरणीला नाहीत. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरणी करावी ही शिफारस सगळ्यांना पाठ असते. आपल्या शिवारात किती झाला हे मात्र कुणाला सांगता येत नाही. महसूल मंडळाचं स्वयंचलित केंद्र असतं, पण ते आठ-दहा किलोमीटर दूरही असू शकतं, आणि हल्ली पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो, पलीकडे पडत नाही. पर्जन्यमापक घरीच होतो. तोंड आणि तळ एकाच रुंदीचा, सरळ भिंतीचा कोणताही पत्र्याचा डबा घ्यायचा. त्यात साठलेल्या पाण्याची खोली पट्टीने मोजली की तेवढेच मिलिमीटर पाऊस. डबा लहान असो की मोठा, फरक पडत नाही, भिंत मात्र सरळ हवी. थंड पेयाची बाटली वापरायची तर तळाचे खळगे खडी आणि सिमेंटने भरून सपाट करायचे आणि शून्याची रेघ तिथून धरायची. डबा झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून ठेवला तर आकडा फसवा येतो. आडोसा जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, वहीत लिहायचा आणि ओतून टाकायचा.

इथेच एक गणित करून घ्यावं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. पन्नास मिलिमीटरची एक सर म्हणजे दोन लाख लिटर, दहा हजार लिटरचे वीस टँकर. त्यातले किती रानात मुरले आणि किती नाल्याने गेले, असं विचारलं की जलसंधारणावर वेगळं भाषण करावं लागत नाही.

नुसता पंचाहत्तरचा आकडाही पुरत नाही. तोच पाऊस दोन तासांत कोसळला तर निम्मा वाहून गेलेला असतो. म्हणून खुरप्याने खणून ओल निदान वीतभर खाली गेली आहे का, ते पाहायचं. मग वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पडल्यावर फुटून विखुरला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर रान अजून ओलं आहे. त्यात यंत्र घातलं तर फाळाच्या बाजूची माती लिंपल्यासारखी होते आणि सरी नीट मिटत नाही. गोळाच झाला नाही तर ओल कमी आहे. ही परीक्षा पंचवीस जणांनी आपापल्या हाताने केली पाहिजे. एकाने करून दाखवायची आणि बाकीच्यांनी बघायची, असं झालं तर वर्ग वाया गेला.

बियाण्याचा वर्ग मात्र पावसाच्या आधी, मेमध्येच घ्यायला हवा. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, शेंगा भिजल्या, आणि २०२० च्या जूनमध्ये सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा ढीग पडला. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं आणि अंकुर सालाच्या लगतच असतो. ओलसर साठवण, थप्पी उंच रचणं, पोतं वरून आपटणं, मळणीयंत्राचा ड्रम वेगाने फिरवणं, यांतल्या प्रत्येकाने तो दुखावतो. बाहेरून दाणा ठणठणीत दिसतो आणि जमिनीत जाऊन कुजतो.

उगवणचाचणीला खर्च शून्य. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे काढून एकत्र करायचे आणि न निवडता शंभर मोजायचे. टपोरे तेवढेच निवडायचा मोह प्रत्येकाला होतो आणि तिथेच चाचणी खोटी ठरते. धुतलेलं गोणपाट ओलं करून पिळून घ्यायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, दुसरं ओलं गोणपाट वर घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. पाणी निथळत राहिलं तर दाणे सडतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं. मोड दिसला म्हणजे उगवला, असं नाही. मूळ सरळ आणि दोन्ही दले शाबूत असलेलेच धरायचे. अशा तीन गुंडाळ्या केल्या तर सरासरीवर भरवसा ठेवता येतो.

सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला साधारण अर्धा किलो वाढवायचं. साठ आले तर ३५ किलो. त्याहून बरंच खाली गेलं तर ते धान्य म्हणून विकून टाकावं, पेरू नये. विकतच्या पिशवीचीही हीच चाचणी करावी, आणि पावती, पिशवीवरचं लेबल आणि मूठभर दाणे काढणीपर्यंत जपून ठेवावेत, कारण तक्रार करायची वेळ आली तर आधी तेच मागतात.

बीजप्रक्रियेत क्रम चुकला तर पैसे फुकट जातात: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. कार्बोक्झिन आणि थायरम या बुरशीनाशकांचं मिश्रण किलोला ३ ग्रॅम, आणि पेरणीच्या तीन-चार तास आधी रायझोबियम जिवाणू, पावडर असेल तर दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम. उन्हात वाळवलं तर जिवाणू मरतात. आणि सोयाबीन हाताने रगडू नये. ताडपत्रीवर पसरून दोन्ही टोकं धरून हलवलं तरी औषध सगळीकडे लागतं. हातमोजे सांगितले जातात, दिले जात नाहीत. प्रशिक्षणाच्या खर्चात चहापाण्याच्या आधी हातमोज्यांची तरतूद व्हावी.

आता रुंद वरंबा सरी, म्हणजेच बीबीएफ. भारी काळ्या जमिनीसाठी हे काम हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात सुरू झालं. तत्त्व सोपं आहे: पीक वरंब्यावर, दोन्ही बाजूंना सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी बाहेर पडतं आणि मुळांशी हवा राहते. पावसाचा खंड पडला तर सरीत मुरलेली ओल वरंब्याला मिळते. एकाच हंगामात जूनला कोरड आणि सप्टेंबरला अतिवृष्टी अशी दोन्ही संकटं यायला लागली, तेव्हा दोन्हीकडे उपयोगी पडणारी ही मोजक्या उपायांपैकी एक पद्धत आहे.

पण यंत्र दाखवणं म्हणजे प्रशिक्षण झालं, असं होत नाही. यंत्र जुळवायला शिकवलं पाहिजे. समजा चार ओळी, ओळींत ३० सेंटिमीटर, वरंबा १२० आणि सरी ३०, म्हणजे एकूण पट्टा दीड मीटरचा. ट्रॅक्टरची चाकं बरोबर सरीच्या जागेवर येतील इतकं चाकांतलं अंतर आधी बसवावं लागतं. ते बसवलं नाही तर चाक कडेच्या ओळीवर चढतं आणि त्या ओळीचं बी दडपून जातं. मग दाणे मोजून सोडणारी बियाण्याची चकती. या पद्धतीत एकरी २२ किलोच्या आसपास बियाणं लागतं. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर दीड मीटरच्या पट्ट्यात चार ओळींना दर मीटरला सतराच्या आसपास दाणे पडायला हवेत. हे रानात जाण्याआधी पक्क्या जमिनीवर तपासायचं: दाते जरा वर उचलून यंत्र दहा मीटर चालवायचं आणि प्रत्येक नळीखाली पडलेले दाणे मोजायचे. १७० च्या जवळ हवेत. एखाद्या नळीतून ११० आले तर चकतीची खाच दाण्यापेक्षा लहान आहे किंवा नळी चोंदली आहे. पडलेल्यांत डाळ झालेले दाणे दिसले तर चकतीत दाणा चिरडतो आहे. खोली तीन ते चार सेंटिमीटर; पाचच्या पुढे गेलं आणि वरून जोराचा पाऊस होऊन पापुद्रा धरला, की कोंब आतच वाकतो.

सगळ्यांत जास्त घोळ उताराचा होतो. वरंबे उताराला आडवे, किंचित ढाळ ठेवून काढायचे असतात. भाड्याचा ट्रॅक्टर एकरावर पैसे घेतो, त्याला वळणं कमी हवी असतात, म्हणून तो रानाच्या लांबीत चालतो. लांबी उताराच्या दिशेने असेल तर प्रत्येक सरी छोटा नाला होते आणि माती घेऊन जाते. दुसरा घोळ, सरीचं तोंड बांधाला टेकून बंद होतं. पाण्याला वाटच नसेल तर चर काढून नाल्यापर्यंत न्यावी लागते, आणि ती शेजाऱ्याच्या रानातून जात असेल तर त्याच्याशी मेमध्येच बोलून घ्यावं लागतं. हे एका शेतकऱ्याने करायचं काम नाही, उताराच्या एका अंगाला असलेल्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे. म्हणून शेतीशाळेत गावभरातले पंचवीस घेण्यापेक्षा एकाच शिवारातले पंचवीस घ्यावेत.

ज्यांच्या गावात बीबीएफ यंत्रच नाही, त्यांना पट्टापेर शिकवावी. सात दात्यांच्या साध्या पेरणीयंत्रात मधला चौथा दाता बंद करायचा आणि परतताना शेजारी एक ओळ मोकळी सोडायची. तीन ओळी पीक, एक ओळ रिकामी, असा सगळा शेताचा नकाशा होतो. पीक वीस-पंचवीस दिवसांचं झालं की डवऱ्याच्या, म्हणजे कोळप्याच्या, जानोळ्याला (पास धरणाऱ्या उभ्या दांड्याला) गच्च दोरी गुंडाळून त्या रिकाम्या ओळीत ओढायचा. माती दोन्ही बाजूंना सरून सरी तयार होते. विदर्भात हे गावोगाव केलं जातं. नवीन यंत्र नाही, अनुदानाचा अर्ज नाही. मला स्वतःला बीबीएफपेक्षा याचा प्रसार आधी करावासा वाटतो, कारण जे आज घरात आहे त्यातच ते बसतं.

खंडाचा वर्ग खंड पडल्यावरच घ्यायचा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. अशा महिन्यात एक दिवस लवकर की उशिरा, यावर बरंच ठरतं. 'एक कोळपणी अर्धं पाणी' हे जुनं वचन खरं आहे: वरची दोन इंच माती मोकळी झाली की खालची ओल वर चढायची वाट तुटते. पण भेगा पडायच्या आत कोळपलं तरच. भेगा पडल्यावर कोळपं मुळं ओढतं, आणि फुलोऱ्यानंतर सोयाबीनमध्ये कोळपं घालूच नये. त्यानंतर १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट हे विद्राव्य खत) फवारायचं, दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी मान टाकलेल्या पिकावर फवारलं तर पानांच्या कडा करपतात. शेततळ्यात पाणी असेल तर ते फुलोरा आणि शेंगा भरण्यासाठी राखायचं, आणि एकाआड एक सरीने द्यायचं.

तारखांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. जुलैचा पहिला आठवडा संपला की मूग-उडीद नाही. पंधरा जुलैनंतर सोयाबीन नाही. त्यानंतर तूर, बाजरी, सूर्यफूल, तीळ, एरंडी यांतलं काही. असं 'जर-तर' आधी लिहिलेलं असलं की घाबरून दुबार पेरणी करताना मिळेल ते बियाणं उचललं जात नाही. कृषी हवामान विभागाची पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ती ग्रुपवर पुढे ढकलण्याऐवजी शेतीशाळेत मोठ्याने वाचावी आणि मागच्या पत्रिकेतला अंदाज आपल्या डब्यातल्या आकड्याशी पडताळावा. अंदाजावर किती विसंबायचं, हे त्यातूनच कळतं.

किडीच्या निरीक्षणाबद्दल थोडक्यात. चार-पाच ठिकाणी एकेक मीटर ओळ निवडायची, झाडं हलवून खाली पडलेल्या उंटअळ्या मोजायच्या, किडी खाणारे ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळीही मोजायचे. मोठ्या कागदावर मध्ये झाड, एका बाजूला कीड, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक काढायचे. मीटरला चारच्या खाली अळ्या असतील तर फवारणी थांबवायची. चित्र काढायला मोठी माणसं लाजतात; गटातल्या एकाने सुरुवात केली की सगळे झुकून बघायला लागतात.

आणि बायका. बियाणं निवडणं, साठवणं, खुरपणी, वेचणी ही कामं त्यांची, वर्गात मात्र सातबारावर नाव असलेला पुरुष. सकाळी अकराला वर्ग ठेवला तर मजुरीला गेलेली बाई येऊच शकत नाही. धाराशिव-लातूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने दुष्काळानंतर घरातल्या बाईसाठी एक एकर वेगळं मागून घेतलं आणि त्यात काय पेरायचं हे तिने ठरवायचं, अशी पद्धत रुजवली. भाज्या, डाळी, भरड धान्यं त्या एकरात आली. २०१७ मध्ये या कामाला यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा, इक्वेटर पुरस्कार मिळाला. इथून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की शिकणाऱ्याच्या हाती निर्णयाचा अधिकार असलेला जमिनीचा तुकडा हवा. तो नसेल तर बाई शिकते आणि पेरणी दुसराच कुणी ठरवतो.

शेवटचा वर्ग काढणीचा. वरंबा-सरीच्या प्लॉटमध्ये उत्पादन मोजताना नुसता वरंबा मोजतात, सरीची रुंदी सोडून देतात आणि आकडा फुगतो. दीड मीटर रुंदी आणि सहा मीटर सदुसष्ट सेंटिमीटर लांबी घेतली की दहा चौरस मीटर होतात, सरीसकट. तीन ठिकाणी असं कापायचं, वेगळं मळायचं, वाळवून वजन करायचं आणि सरासरीला ४०५ ने गुणलं की एकरी किलो. दोन किलो भरलं तर आठ क्विंटल. तुलनेच्या प्लॉटमध्येही हेच, त्याच दिवशी, त्याच वजनकाट्यावर.

पाऊस बेताने आणि वेळेवर पडलेल्या वर्षी दोन्ही आकडे जवळपास एकच येतात. तेव्हा प्रशिक्षकाने ते आहे तसे फळ्यावर लिहावेत आणि एकरी वाचलेलं सात-आठ किलो बियाणं तेवढं त्याच्या बाजूने मांडावं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या रानात शिरल्या, तिथे कुठलाच वरंबा उपयोगी पडला नाही. तेही लिहावं, आणि नदीकाठच्या जमिनीसाठी पीकच वेगळं लागेल का, हा विषय त्याच बैठकीत घ्यावा. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये उत्पादन कमी आलं, तर पावसाची वही उघडून पेरणीच्या तारखेपासून पुढे एकेक दिवस वाचत जायचं: वाफसा होता का, कोणत्या नळीत दाणे कमी पडले, खंड किती दिवसांचा होता, कोळपणी कधी झाली. कारण सापडेपर्यंत वही मिटू नये, आणि नंतर ती गटातल्या ज्याने रोज साडेआठला डबा वाचला त्याच्याकडेच ठेवावी.